पोटाला विचारलंय का कुणी?

परवाचीच गोष्ट. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत मुलाखत घ्यायला गेले होते. दुपारचे चार वाजलेले. मुलाखत संपली, मी वही बॅगेत टाकली आणि नेमका त्याच मजल्यावर कुणाचा तरी बर्थडे निघाला. आता ऑफिसातला बर्थडे म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. टाळ्या, चेहऱ्याला फासलेला केक आणि मग ती फेमस कागदी प्लेट. एक समोसा, मूठभर वेफर्स, केकचा चौकोनी तुकडा. मी त्या बर्थडे बॉयला ओळखतही नव्हते, पण प्लेट माझ्याही हातात आलीच.

आणि मी थांबले. दोन सेकंद. मनातल्या मनात विचारलं, 'भूक आहे का?' उत्तर आलं, 'नाही. दीड वाजता जेवलीयेस की.' मग केकचा एक घास खाल्ला, बर्थडे बॉयला शुभेच्छा दिल्या आणि समोसा शेजारच्या एका टेस्टर मुलाला दिला. बिचाऱ्याचं रिलीजच्या गडबडीत दुपारचं जेवणच राहिलं होतं. तो खूश, मी खूश.

एवढंच? हो, एवढंच. पण वर्षभरापूर्वीची मी असते ना, तर बोलता बोलता ती प्लेट रिकामी झाली असती आणि ती कधी रिकामी झाली हे मला कळलंही नसतं. रात्री पुन्हा साडेनऊला साग्रसंगीत जेवण. कारण साडेनऊला जेवतातच ना!

ही दोन सेकंदं कमवायला मला एक वर्ष लागलं. आज त्या वर्षाबद्दल बोलू या.

काठावरची मी

सुरुवात झाली एका कागदामुळे. हेल्थ इन्शुरन्ससाठी रक्ताच्या चाचण्या केल्या आणि रिपोर्टात एक आकडा ठळक होऊन आला. एचबीएवनसी, ५.९. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट. ५.७ ते ६.४ या पट्ट्यात आलात की त्याला प्री-डायबेटिस म्हणतात. डायबेटिस नाही, पण त्याच्या दाराची बेल वाजवून उभे.

मी हादरलेच. वय वर्षं २८, आणि दिसायला अगदी ठीकठाक. जाड वगैरे मला कुणीच म्हणणार नाही. पण आपल्या भारतीय शरीराची गंमत अशी, की ते वरून बारीक दिसतं आणि आतून चरबी साठवून असतं. पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! वजनकाटा दोघांशी सारखंच बोलला, पण आतली गोष्ट वेगळीच होती.

त्यात माझ्या आईला आठ वर्षांपासून डायबेटिस. आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात साधारण १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी लोक प्री-डायबेटिसच्या काठावर आहेत. एका बाजूच्या आकड्यात आई, दुसऱ्या बाजूच्या आकड्यात मी.

मग जे सगळे करतात तेच मी केलं. डाएट! सकाळी एक सफरचंद, दुपारी सॅलड, संध्याकाळी ग्रीन टी आणि 'मी किती स्ट्राँग आहे' असं स्टेटस. पाच दिवस अगदी कडक पाळलं. सहाव्या रात्री साडेअकरा वाजता मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ओट्यापाशी उभी होते. लाइट बंद, हातात फरसाणचं अर्ध्या किलोचं पाकीट. उभ्या उभ्या, कात्रीने कोपरा कापून, सरळ पाकिटातून. पाकीट संपलं तेव्हा पोट दुखत होतं आणि मला रडू येत होतं. रूममेटला कळू नये म्हणून पाकीट घडी घालून कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी दाबलं.

हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतेय. म्हणजे थेट तुम्हालाच.

तेव्हा वाटलं, आपल्याला कंट्रोल नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की शरीराचा हिशोब वेगळाच असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला होता. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. तर ही मुलं दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलायला लागली, काही जण तर चक्क पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले! आणि प्रयोग संपल्यावर भरपूर खायला मिळालं, तरी त्यांची भूक बरेच दिवस थांबेना. म्हणजे उपाशी ठेवलेलं शरीर बदला घेत नाही हो, ते फक्त आपलं काम करतं. माझं फरसाणचं पाकीट हा त्याचाच पुणेरी अवतार होता.

'शेवटची भूक कधी लागली होती?'

शेवटी एका डाएटिशियनकडे गेले. मला वाटलं, बाई आता तक्ता देणार. सकाळी हे, दुपारी ते, भात बंद, बटाटा बंद. त्यांनी तक्ता दिलाच नाही. उलट विचारलं, "तुला शेवटची खरी भूक कधी लागली होती?"

मी म्हटलं, "रोज लागते की."

"कशी लागते? सांग बरं. कुठे कळतं?"

आणि मी ब्लँक. खरंच सांगता येईना. मी एक वाजता जेवते, कारण एक वाजतो. चारला खाते, कारण चहा येतो. डेडलाइन असली की खाते, डेडलाइन संपली की सेलिब्रेशन म्हणून खाते. सिनेमात पॉपकॉर्न, गाडीत वेफर्स, डिलिव्हरी अ‍ॅपवर 'अजून साठ रुपयांचं घेतलंत तर डिलिव्हरी फ्री' आलं की एक गुलाबजाम जास्तीचा. या सगळ्यात भूक कुठे होती? तिला बोलायला जागाच नव्हती.

बाईंनी होमवर्क दिलं. आठवडाभर काही बदलायचं नाही, फक्त खाण्याआधी आणि नंतर भुकेला एक नंबर द्यायचा. एक म्हणजे चक्कर येईल इतकी भूक, दहा म्हणजे आता हलताही येत नाही. ही काही नवीन आयडिया नाही. एव्हलिन ट्रायबोली आणि एलिस रेश या दोन अमेरिकन डाएटिशियन्सनी १९९५ साली 'इंट्यूइटिव्ह ईटिंग' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यानंतर असे भुकेचे स्केल जगभर वापरले जायला लागले.

पण माझी गाडी नंबरांवर अडली. 'आत्ता चार आहे की पाच?' हे म्हणजे पुन्हा परीक्षाच. मग एक दिवस लोकलने लोणावळ्याहून येताना लक्षात आलं, अरे, आपल्या मराठीत हे स्केल आधीपासूनच आहे! फक्त कुणी भिंतीवर लावलेलं नाही.

बघा हं. 'पोटात कावळे ओरडतायत', ही अगदी टोकाची भूक. मग 'भूक लागलीय'. मग 'थोडंसं चालेल'. मग 'बास'. त्याच्या पुढे 'जरा जडच झालं'. आणि सगळ्यात शेवटी 'तडस लागली'. आहे की नाही सोप्पं? 'भूक लागलीय'ला बसायचं आणि 'बास'ला उठायचं. कावळ्यांपर्यंत थांबायचं नाही, कारण कावळे ओरडायला लागले की माणूस तडस लागेपर्यंतच खातो.

आणि एवढ्यावर आपली भाषा थांबत नाही. जी पोटातून येत नाही तिलाही आपल्याकडे नावं आहेत. 'खाखा सुटलीय', 'नुसती वखवख', 'तोंडाला काहीतरी हवंय'. आज्या-पणज्यांना हा फरक ठाऊक होता. भूक हळूहळू वाढते आणि तिला भाकरी-पिठलंही चालतं. खाखा एकदम सुटते आणि तिला नेमकं तेच हवं असतं, ते कुरकुरीत, तेच. माझी टेस्ट साधी आहे. स्वतःला विचारायचं, 'आत्ता वरण-भात खाशील का?' उत्तर 'हो' असेल तर भूक. 'ई, वरण-भात नको, पिझ्झा' असेल तर खाखा. कधीकधी खाखाचंही ऐकावं, त्यात पाप नाही. पण कुणाचं ऐकतोय हे माहीत असावं.

भुकेचं टाइमटेबल

आता जरा सायन्स. घाबरू नका, परीक्षा नाही.

१९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ग्रेलिन नावाचं हार्मोन शोधून काढलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं आणि मेंदूला जाऊन सांगतं, 'चला, जेवायची वेळ झाली.' आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी ते वाढतं. म्हणजे रोज एकला जेवत असाल तर एकच्या सुमाराला पोट हाक मारणार, आणि रोज रात्री साडेअकराला काही चरत असाल तर साडेअकरालाही हाक येणार. सवय आपणच लावलेली असते.

'पुरे' सांगणारे निरोप मात्र उशिरा पोचतात. जठर ताणलं जातं, आतड्यांतून जीएलपी-वन वगैरे हार्मोन्स सुटतात आणि मग मेंदूला कळतं. याला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात असं धरून चाला. आपण डेस्कवर मेल वाचता वाचता सात मिनिटांत डबा संपवतो, म्हणजे निरोप पोचायच्या आत दुसरी प्लेट मागवून मोकळे! २०२५ साली भारतात आलेली आणि सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेली ती वजनाची इंजेक्शनं याच जीएलपी-वनची नक्कल करतात. ती घ्यायची की नाही हा डॉक्टरांचा विषय, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा नाही. पण 'बास' हा शब्द किती मोलाचा आहे बघा, लोक त्यासाठी महिन्याला हजारो रुपये मोजतायत.

आणि झोप! शिकागोत २००४ साली बारा तरुणांवर एक छोटासा प्रयोग झाला होता. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिल्यावर त्यांचं भूक वाढवणारं ग्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. बाराच जण होते, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष नको. पण अमेरिकेच्या क्लायंटसाठी रात्री दीडपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी 'आज एवढी का भूक लागतेय' असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हे आवर्जून सांगते.

ताट केवढं, वाटी केवढी

मग पोर्शनचं काय? पोर्शन म्हटलं की आपल्याला वाटतं शिक्षा. पण पोर्शनची गंमत अशी की तो आपण ठरवतच नाही, समोरचा ठरवतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी २००२ साली लोकांना मॅकरोनी-चीज खायला दिलं. कधी अर्धा किलो, कधी एक किलो. एक किलो समोर आलं तेव्हा लोकांनी जवळजवळ ३० टक्के जास्त खाल्लं. पोट तेच, माणूस तोच, फक्त भांडं भरलेलं. आपल्या अनलिमिटेड थाळीचं सगळं अर्थशास्त्र यातच आलं. पैसा वसूल होतो की नाही माहीत नाही, पोट मात्र वसूल होतं.

याहून भन्नाट प्रयोग १९९८ सालचा. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृती गेलेल्या दोन पेशंटना जेवण दिलं. ते जेवले. थोड्या वेळाने, पहिलं जेवण विसरल्यावर, पुन्हा ताट आणलं. ते पुन्हा जेवले! म्हणजे आपण थांबतो ते नुसतं पोट भरलं म्हणून नाही, तर 'आपण जेवलोय' हे आठवतं म्हणूनही. आता सांगा, वेबसिरीज बघत खाल्लेलं जेवण तुम्हाला किती आठवतं? मला तर भाजी कसली होती तेही सांगता येत नाही.

इथे मला एक कबुलीजबाब द्यायचाय. 'लहान ताट घ्या, आपोआप कमी खाल' ही टिप मी स्वतः दोन लेखांत छापलीये. ही टिप जगभर फेमस करणारे कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक. २०१८ साली त्यांच्याच विद्यापीठाने त्यांच्या संशोधनात गैरप्रकार झाल्याचं जाहीर केलं आणि त्यांचे डझनभराहून जास्त पेपर मागे घेतले गेले. तेव्हा लहान ताटाची जादू वगैरे विसरा. लहान ताटात चारदा वाढून घेतलं तर काय फरक पडणार?

मला जे उपयोगी पडलं ते एवढंच. भांडं घेऊन टीव्हीपुढे बसायचं नाही, ताटात वाढून घ्यायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे निम्मं ताट भाज्या आणि फळांचं. म्हणजे आपल्या भाषेत, कोशिंबीर ही चिमूटभर डाव्या बाजूची शोभा नाही, वाटीभर खायची वस्तू आहे. डाळ, उसळ, दही किंवा अंडं हवंच, त्याशिवाय चार वाजता पुन्हा खाखा सुटते. आणि दुसरी चपाती घेण्याआधी एक छोटा ब्रेक. पाणी प्या, शेजारच्याशी बोला. मग विचारा. भूक असेल तर बिनधास्त घ्या. अहो, पोर्शन कंट्रोल म्हणजे नेहमी कमी खाणं नव्हे. जिमच्या दिवशी मी तीन चपात्या खाते आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आपल्याकडे वाग्भटांच्या 'अष्टांगहृदया'त पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक मोकळा ठेवा असं सांगितलंय. जपानच्या ओकिनावात लोक ८० टक्के पोट भरलं की थांबायचं म्हणतात. जगाच्या दोन टोकांना माणसं एकाच जागी आली, 'थोडी जागा ठेवा'.

तर असं सगळं माझं छान चाललं होतं. वाटलं, आपण हा विषय जिंकला. आणि मग गौरी आल्या.

गौरीचं जेवण

आमचं घर साताऱ्याला. गौरीपूजनाच्या दिवशी काका, आत्या, मामा मिळून पंचवीसेक माणूस जेवायला. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, भजी, खीर. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची, दुसरी पाहुण्या बायकांची. पुण्याहून आलेली म्हणून मीही पाहुणीच. आई वाढत होती.

माझ्या सगळ्या शिक्षणाचा अर्ध्या तासात बोऱ्या वाजला. दोन पोळ्यांना पोट 'बास' म्हणालं. मी हात आडवा धरला. आई म्हणाली, "घे की गं, एवढीशी तर आहे. पुण्यात कोण करून घालतंय तुला?" तिसरी पडली. तिच्यावर तुपाची धार पडली. मग आत्यांचा आग्रह, चौथी. नाही कसं म्हणायचं? आईच्या हातातली पोळी नाकारणं म्हणजे आईलाच नाकारणं, असं लहानपणापासून कुणी न सांगता आपल्याला शिकवलेलं असतं. मी तडस लागून उठले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन आडवी झाले.

तीन वाजता पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर आई फरशीवर, भिंतीला टेकून बसलेली. घामाने डबडबलेली. हात थरथरत होते. मला म्हणाली, "काही नाही गं, दमलेय जरा." पण ती शब्द जुळवत बोलत होती. मी तिचं ग्लुकोमीटर काढलं. ५८.

सत्तरच्या खाली म्हणजे साखर धोक्याइतकी उतरलेली. मी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८१. मग तिला वरण-भात भरवला. माझ्या आईला मी आयुष्यात पहिल्यांदाच भरवत होते आणि माझ्या स्वतःच्या पोटात चार पुरणपोळ्या जड होऊन बसल्या होत्या.

तिने सकाळी साडेसातला गोळी घेतली होती. त्या गोळ्यांत एक ग्लिमेपिराइड असते. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. आणि त्यानंतर आईने काय खाल्लं होतं? अर्धा कप चहा. नैवेद्य व्हायचा होता म्हणून नाही, मग पाहुणे जेवायचे होते म्हणून नाही.

"तुला भूक लागली नव्हती का?" मी जरा चिडूनच विचारलं.

ती म्हणाली, "लागली असंल की. कोण बघतंय तिकडं."

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी अडीच हजार रुपये फी देऊन जे शिकत होते, ते माझ्या आईने तीस वर्षांत हळूहळू विसरून टाकलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर बसायचं. उरलंय ते संपवायचं, कारण टाकायचं कसं? त्यामुळे कुणाची पोळी उरली तर तिची जास्त, काही उरलं नाही तर तिची कमी. तिचा पोर्शन आमच्या ताटांवर ठरत होता. एकाच घरात, एकाच दुपारी, मी भूक नसताना खात होते आणि ती भूक असताना वाढत होती. आणि दोघींनाही कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी तर तिला वाढताना बघत बसले होते.

विचारायला शिकलो

पुढच्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळीचा डोस बदलला आणि मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "गोळी घेतली की वेळेवर खायचं. कुणासाठीही थांबायचं नाही." गोळ्या घेणारं कुणी तुमच्याही घरी असेल, तर सणाच्या आणि उपासाच्या दिवसांआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, प्लीज. थरथर, घाम, चिडचिड, गोंधळणं ही दमल्याची लक्षणं वाटतात, पण ती साखर उतरल्याचीही असू शकतात.

आणि मी रोज दुपारी साडेबाराला फोन करायला लागले. पहिले काही दिवस संवाद ठरलेला.

"भूक लागली का?"

"तू जेवलीस का?"

"आई, मी तुला विचारतेय."

"मला काय होतंय?"

एक महिना गेला. मग एक दिवस ती जरा थांबली आणि म्हणाली, "थांब हं, बघते." आणि मग, "हो गं, लागलीय." इतक्या साध्या वाक्याने मला इतका आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

माझं म्हणाल, तर सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट केली. ५.७. म्हणजे अजूनही काठावरच. चमत्कार वगैरे काही झाला नाही, वजनही जेमतेम दोन किलो उतरलं. पण ओट्यापाशी अंधारात उभं राहून खाल्लं त्याला आता बरेच महिने झाले. मी रोज जेवते आता. पोटभर जेवते. त्यामुळे रात्री साडेअकराला पोटाला ओरडावं लागत नाही. तुमच्यापैकी कुणी खाण्यावरून सतत स्वतःला शिक्षा करत असेल, लपून खात असेल, खाऊन उलट्या काढत असेल, तर स्केल-बिल नंतर. आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे त्या पाकिटाची घडी घालणारी मुलगी तुम्हाला सांगतेय.

तर या आठवड्याचं तुमचं होमवर्क. रोज एक जेवण फोन पालथा ठेवून करा. ताटावर बसण्याआधी स्वतःला विचारा, 'कावळे, भूक की खाखा?' अर्ध्या जेवणात एकदा हात थांबवा आणि पुन्हा विचारा. डब्यात उरलं तर उरू द्या, ते संध्याकाळी खाता येतं. आपलं पोट म्हणजे घरातला कचऱ्याचा डबा नाही. आणि घरी फोन कराल तेव्हा 'जेवलीस का' याच्याऐवजी 'भूक लागलीय का' असं विचारून बघा. दोन्हींत खूप फरक आहे.

गेल्या शनिवारी साताऱ्याला गेले होते. आईने पिठलं आणि ज्वारीची भाकरी केली होती. बाबा अजून अंघोळीलाच गेले नव्हते. मी सवयीने म्हटलं, "थांबू या का त्यांच्यासाठी?"

आईने दोन ताटं घेतली, एक माझ्यापुढे, एक स्वतःपुढे. म्हणाली, "ते येतील त्यांचं आवरून. मला भूक लागलीय."

एक भाकरी झाल्यावर तिने टोपलीकडे हात नेला, पण भाकरी उचलली नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "अजून देऊ, का बास?"

मी पोटाला विचारलं आणि सांगितलं, "अर्धी दे."

तिने अर्धीच दिली. उरलेली अर्धी स्वतःच्या ताटात घेतली, कारण तिला ती हवी होती.